प्लेटमधल्या पेशी आणि माणसाचं आतडं

अमुक वनस्पतीतला घटक मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी मारतो, अशी बातमी मला कुणी ना कुणी सतत पाठवत असतं. मी पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. वनस्पतींमधून वेगळे काढलेले घटक आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर घालायचे आणि पुढे काय होतं ते बघायचं, हाच माझ्या कामाचा मोठा भाग. त्यामुळे बातमी पाठवणाऱ्याला वाटतं की मी एक तर 'हो, खरंय' म्हणेन, नाही तर 'सगळं थोतांड' म्हणून मोकळी होईन. मला दोन्ही म्हणवत नाही. बातमी बहुतेक वेळा खरीच असते, पेशी खरोखर मेलेल्या असतात. पण त्या कुठे मेल्या, किती घटक घातल्यावर मेल्या आणि तेवढा घटक माणसाच्या आतड्यापर्यंत पोहोचतो का, हे त्या दोन ओळींत येत नाही. आज तेच जरा निवांत लिहिते.

आधी या पेशींची ओळख करून देते. एचसीटी-११६, एचटी-२९, काको-२, एसडब्ल्यू-४८० अशी त्यांची नावं. या सगळ्या कधी काळी एखाद्या रुग्णाच्या गाठीतून घेतलेल्या आणि तेव्हापासून फ्लास्कमध्ये वाढत आलेल्या. एचटी-२९ ही १९६४ सालची, एका ४४ वर्षांच्या बाईच्या आतड्यातल्या गाठीतून आलेली. त्या एका गाठीच्या वंशजांवर जगभरातल्या प्रयोगशाळा आजही काम करतात, याचं मला इतक्या वर्षांनीही अप्रूप वाटतं.

या पेशी एकमेकींसारख्या नसतात आणि हा फरक फार कामाचा आहे. एचसीटी-११६ मध्ये पी-५३ नावाचं जनुक शाबूत आहे, एचटी-२९ मध्ये ते बिघडलेलं आहे. डीएनएला इजा झाली की पी-५३ पेशीला थांबवतं: आधी दुरुस्त कर, मगच दोन हो. दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला मरायला लावतं. त्यामुळे एकच घटक एचसीटी-११६ वर जोरात लागू पडतो आणि एचटी-२९ वर जेमतेम, असं नेहमी होतं. १९९८ साली अमेरिकेतले कॅन्सर-संशोधक बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने एचसीटी-११६ मधून पी-५३ काढून टाकून तिची जुळी बहीण तयार केली. दोघींना शेजारी शेजारी लावायचं, एकच घटक द्यायचा. एक मेली आणि दुसरी तग धरून राहिली, तर घटक पी-५३ च्या वाटेने काम करतोय हे लख्ख दिसतं. पेशींवरच्या कामातली ही जोडी माझी सगळ्यात आवडती.

याच व्होगेलस्टाइन यांनी एरिक फिअरन यांच्यासोबत १९९० मध्ये आतड्याच्या कॅन्सरची पायरीपायरीने होणारी वाटचाल मांडली होती. बहुतेकदा आधी एपीसी हे जनुक निकामी होतं आणि आतड्याच्या अस्तरावर लहानसा कोंब, म्हणजे पॉलिप, उगवतो. मग केरास या दुसऱ्या जनुकात बदल होतो, पॉलिप वाढतो. शेवटाकडे पी-५३ जातं. या सगळ्याला साधारण दहा-दहा वर्षं लागू शकतात. हे दहा वर्षांचं गणित लक्षात असू द्या, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता प्रत्यक्ष प्रयोग. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, तळहातात मावेल एवढी. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी टाकायच्या आणि रात्रभर चिकटू द्यायच्या. सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं की त्या पसरलेल्या, कडा रेखीव झालेल्या दिसतात. मग घटक घालायचा, चढत्या प्रमाणात: एका रांगेत एक मायक्रोमोलर (द्रावणात घटक किती आहे ते मोजायचं हे एकक), पुढच्या रांगेत पाच, मग दहा, वीस, पन्नास. वनस्पतींचे बरेच घटक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून घ्यावे लागतात. हा डीएमएसओ स्वतःही पेशींना त्रास देतो. म्हणून एका रांगेत नुसता तेवढाच डीएमएसओ घालून ठेवायचा, म्हणजे कुणाचं पाप कुणाच्या माथी येत नाही. ४८ किंवा ७२ तास इनक्युबेटरमध्ये ठेवायचं.

त्यानंतर एमटीटी घालतात. हे पिवळं द्रव्य आहे. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या स्फटिकांमध्ये रूपांतर करतात, मेलेल्या करत नाहीत. स्फटिक विरघळवले की खळग्याला जांभळा रंग येतो, आणि रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत असं मानतात. टिम मोसमन यांनी ही पद्धत १९८३ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही ती सर्रास वापरतात. प्लेट उजेडाकडे धरली की डावीकडून उजवीकडे गडद जांभळा, फिका जांभळा, मग जवळजवळ रंगहीन अशी उतरंड दिसते. ती उतरंड बघताना अंगावर रोमांच येतात, हे मी मनापासून सांगते. एका पानातून, एका सालीतून काढलेला पदार्थ आणि त्याने कॅन्सरच्या पेशी थांबवल्या, हे डोळ्यांना दिसत असतं.

आणि इथेच सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं. एमटीटीचा रंग पेशीच बदलतात असं नाही. क्वेर्सेटिनसारखे काही वनस्पतिजन्य घटक पेशी नसतानाही त्याला जांभळं करू शकतात. मग मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. उलट फसगतही होते. २००० साली बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने दाखवलं की ईजीसीजीसारखे कॅटेचिन, म्हणजे हिरव्या चहातले घटक, नेहमीच्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवात, घातले की ते मीडियमशीच अभिक्रिया करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. म्हणजे पेशी मेल्या त्या पेरॉक्साइडने, आणि आपण श्रेय देतो ईजीसीजीला! माणसाच्या शरीरात हे त्याच पद्धतीने घडत नाही. यावर साधा उपाय आहे. एका रांगेत कॅटालेज हे विकर घालायचं. ते पेरॉक्साइड फोडून टाकतं. कॅटालेज असताना पेशी जगल्या, तर घटकाचा 'परिणाम' कुठून आला ते कळलं. कॅटेचिनवरचा शोधनिबंध हातात आला की मी आधी हा कंट्रोल ठेवलाय का ते शोधते, निष्कर्ष मागाहून वाचते.

आणखी एक रांग मला हवीच असते, निरोगी आतड्याच्या पेशींची. ज्या मात्रेत कॅन्सरच्या पेशी मरतात त्याच मात्रेत निरोगीही मरत असतील, तर आपल्या हातात नुसतं विष आहे. ब्लीचनेही कॅन्सरच्या पेशी मरतात.

या गाळणीतून जे शिल्लक राहतं ते मात्र थक्क करणारं आहे. कर्क्युमिन घ्या, हळदीचा पिवळा रंग ज्याचा तो घटक. तो पेशीविभाजनाचं चक्र अडवतो, सूज वाढवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या यंत्रणेला दाबतो, एपीसी बिघडल्यामुळे मोकाट सुटलेल्या बीटा-कॅटेनिन या पेशी वाढवणाऱ्या प्रथिनाला आवर घालतो, असं प्लेटमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ब्रोकोलीतला सल्फोराफेन हा घटक डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवर परिणाम करतो आणि बंद पडलेली, पेशीला आवरणारी जनुकं पुन्हा चालू होतात.

पण पोहोचतं किती?

कर्क्युमिन प्लेटमध्ये साधारण १० ते ५० मायक्रोमोलर मात्रेत काम करतं. २००१ मध्ये तैवानमधल्या एका चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यात लोकांना दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन तोंडावाटे दिलं होतं. ८ ग्रॅम म्हणजे कॅप्सूल मोजता मोजता माणूस कंटाळेल एवढं. तरी रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलरच्या वर गेली नाही, आणि एक-दोन तासांत शिखर गाठून ती उतरणीला लागली. प्लेटमधल्या पेशी मात्र ४८ तास सलग त्या घटकात बुडालेल्या असतात. शिवाय कर्क्युमिन स्वतःच ठिसूळ आहे. रक्ताएवढ्या आम्लतेच्या पण सीरम नसलेल्या द्रावणात ते अर्ध्या तासात जवळजवळ ९० टक्के मोडतं, हे १९९७ पासून माहीत आहे. २०१७ मध्ये काही औषधरसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरचं सगळं काम तपासून एक कडक लेख लिहिला. हा रेणू अनेक चाचण्यांमध्ये खोटे संकेत देतो, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. आमच्या क्षेत्रात तो लेख पुष्कळांना झोंबला. मला तो आवश्यक वाटला.

आता मोठ्या आतड्याची गोष्ट इथे वेगळी होते, आणि माझी आशा टिकून आहे ती त्यामुळेच. फुप्फुस, यकृत, स्तन यांच्यापर्यंत जायचं तर घटक आधी रक्तात उतरायला हवा. मोठ्या आतड्यापर्यंत जायला ते लागत नाही. जे लहान आतड्यात शोषलं जात नाही ते पुढे सरकत तिथेच येतं. इतर अवयवांसाठी जो घटक 'शोषला जात नाही' म्हणून बाद होतो, तोच इथे थेट अस्तराला लागू शकतो. हे नुसतं कागदावरचं नाही. २००५ मध्ये लेस्टरच्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी आठवडाभर कर्क्युमिन दिलं आणि काढलेल्या ऊतीत ते मोजलं. दिवसाला ३.६ ग्रॅम घेणाऱ्यांच्या निरोगी अस्तरात दर ग्रॅमला सरासरी १२.७ नॅनोमोल सापडलं, गाठीत ७.७. ढोबळमानाने हे दहा मायक्रोमोलरच्या आसपास जातं, म्हणजे प्लेटमधल्या मात्रेच्या उंबरठ्यावर. रक्तात मात्र जेमतेम खूण होती.

आतड्यात आणखी एक मंडळी आहेत: जिवाणू. वनस्पतीतलं जे आपल्याला पचत नाही ते हे पचवतात आणि त्यातून वेगळेच रेणू तयार करतात. डाळिंबातल्या एलॅजिटॅनिनपासून युरोलिथिन बनतं ते जिवाणूंमुळे. काहींच्या आतड्यात ते बनतच नाही, कारण ते काम करणारे जिवाणूच तिथे नसतात. म्हणजे दोघांनी एकच गोष्ट खाल्ली, तरी दोघांच्या आतड्यांत एकच घटक असेल असं नाही. प्लेटमध्ये आपण मूळ घटक घालत असतो, आणि आतड्यातल्या पेशीला कदाचित तो कधी भेटतच नाही, त्याचं जिवाणूंनी बदललेलं रूप भेटतं.

यातलं सर्वांत सुंदर उदाहरण ब्युटिरेटचं. ते वनस्पतीत नसतं. वनस्पतींचा तंतू जिवाणूंनी आंबवला की तयार होतं. निरोगी आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे, त्यावर त्या जगतात, वाढतात. कॅन्सरच्या पेशींना मात्र तेच ब्युटिरेट थांबवतं. एकच रेणू एकीला पोसतो आणि दुसरीला रोखतो, हे कसं, हा कितीतरी वर्षं पडलेला प्रश्न होता. २०१२ मध्ये त्याचं छान उत्तर मिळालं. निरोगी पेशी ब्युटिरेट जाळून ऊर्जा मिळवते, त्यामुळे ते साठत नाही. कॅन्सरची पेशी ग्लुकोजवर भिस्त ठेवते, ब्युटिरेट जाळत नाही. मग ते केंद्रकात साचतं आणि हिस्टोनवरची विकरं रोखून वाढ थांबवतं. कॅन्सरच्या पेशीची खाण्याची सवयच तिच्यावर उलटते. आणि इथे 'पोहोचतं किती' हा प्रश्न अडत नाही. आतड्यात ब्युटिरेट मिलिमोलर पातळीवर असतं, कर्क्युमिनच्या हजारपट.

माणसांवरच्या चाचण्या काय म्हणतात? इथे मी एका गोष्टीवर थांबणार आहे, कारण ती माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी सांगते. एफएपी नावाच्या आनुवंशिक आजारात आतड्यात शेकडो पॉलिप येतात. २००६ मध्ये अशा पाच रुग्णांना कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन एकत्र दिलं. साधारण सहा महिन्यांत पॉलिपांची संख्या सरासरी ६०.४ टक्क्यांनी घटली. केवढा आनंद झाला असेल त्या डॉक्टरांना! जगभर बातम्या झाल्या. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. त्याच मुख्य संशोधिकेने पुढे नीट चाचणी केली. ४४ रुग्ण, साधारण निम्म्यांना कर्क्युमिन दिवसाला ३ ग्रॅम, बाकीच्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय औषध, पूर्ण वर्षभर. २०१८ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला आपणच इतक्या कठोरपणे तपासायचं आणि आलेला नकार जसाच्या तसा छापायचा, याला धैर्य लागतं. मला त्या बाईंबद्दल अपार आदर आहे. २००६ ची बातमी मात्र अजून फिरते. २०१८ ची मला आजवर कुणीही पाठवलेली नाही.

दुसऱ्या टोकाला बर्बेरिन आहे, दारुहळदीत असतं ते. चीनमध्ये पॉलिप काढून टाकलेल्या लोकांना दोन वर्षं ०.३ ग्रॅम बर्बेरिन दिवसातून दोनदा दिलं. तुलनेला निष्क्रिय औषधाचा गट होताच. २०२० मध्ये आलेले आकडे असे: बर्बेरिन घेणाऱ्या ४२९ पैकी १५५ जणांना पुन्हा पॉलिप आले, म्हणजे ३६ टक्के. दुसऱ्या गटात ४६२ पैकी २१६, म्हणजे ४७ टक्के. हे मला खरोखर महत्त्वाचं वाटतं. वनस्पतीतल्या घटकाने, रीतसर चाचणीत, माणसांच्या आतड्यात फरक पाडला. पण नीट बघा, हा फरक पॉलिप पुन्हा येण्यातला आहे. झालेला कॅन्सर बरा झाला असं ही चाचणी म्हणत नाही. मघाचं ते दहा वर्षांचं गणित आठवा. या घटकांना काही जागा असलीच तर ती त्या लांबलचक वाटेच्या सुरुवातीला, पेशी नुकती वाट चुकायला लागली असताना. फोफावलेल्या गाठीसमोर त्यांची ताकद तोकडी पडते, असं माझं आजचं मत आहे.

आणि जास्त घेतलं की जास्त फायदा, हेही गृहीत धरू नका. द्राक्षांतल्या रेस्व्हेराट्रॉलवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात, चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांमध्ये अगदी कमी मात्रेने पॉलिप जास्त रोखले. तिच्या दोनशेपट मात्रेने कमी.

झालेल्या कॅन्सरवर चालणारा वनस्पतिजन्य घटक मात्र आहे, आणि तो आज रोज रुग्णालयांत शिरेतून दिला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये कॅम्पटोथेका नावाच्या चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं. आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्या या झाडातही ते मिळतं. मूळ रेणू पाण्यात विरघळेना. त्याचा क्षार बनवून १९७० च्या दशकात दिला, तर मूत्राशयातून रक्तस्राव व्हायला लागला आणि चाचण्या गुंडाळाव्या लागल्या. मग रेणूची रचना बदलली, तो विरघळायला लागला, मात्रा बसवली आणि १९९६ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी या बदललेल्या रेणूला, म्हणजे इरिनोटेकॅनला, मंजुरी मिळाली. झाडापासून रुग्णापर्यंत तीस वर्षं. ही तीस वर्षं कशात गेली? पोहोचतं किती, टिकतं किती, झेपतं किती, या तीन प्रश्नांत.

गेल्या वर्षी माझ्याबरोबर आधी काम केलेल्या एका मुलीचा फोन आला. "ताई, बाबांची केमो चालू आहे. इरिनोटेकॅन. कुणीतरी वनस्पतींच्या कॅप्सूल आणून दिल्यात, मन शांत राहतं म्हणून. नैसर्गिकच आहेत. देऊ ना?"

मी तिला म्हटलं, "बाटलीवरची नावं वाच." तिसरं नाव होतं सेंट जॉन्स वर्ट.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा पण फार मोलाचा अभ्यास आहे. इरिनोटेकॅन घेणाऱ्या पाच रुग्णांना सोबत सेंट जॉन्स वर्ट दिलं, तर इरिनोटेकॅनपासून शरीरात बनणारा आणि खरं काम करणारा एसएन-३८ हा घटक रक्तात ४२ टक्क्यांनी कमी झाला. या वनस्पतीतलं हायपरफोरिन यकृतातली औषध मोडणारी विकरं वाढवतं. माणूस केमोचे सगळे त्रास सोसतोय, आणि औषध जवळजवळ निम्म्यावर आलंय, बाहेरून कुणाला काही कळत नाही. एका वनस्पतीचं औषध दुसऱ्या वनस्पतीने निष्प्रभ केलं.

तिला मी सांगितलं की कॅप्सूल बाजूला ठेव, आणि बाबा गेल्या महिन्याभरात जे जे घेतायत ते सगळं, चूर्ण, काढे, अर्क, जीवनसत्त्वं, एका कागदावर लिहून उद्याच त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना दाखव. "डॉक्टर रागावले तर?" असं तिने विचारलं. रागावू देत, म्हटलं, पण त्यांना कळलंच पाहिजे. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावरच्या दोन गोष्टी बंद केल्या, एक चालू ठेवायला सांगितली आणि तो कागद बाबांच्या फाइलला लावून घेतला.